चष्म्यातली आडवी रेघ

माझा डावा डोळा नाकाकडे वळतो हे घरात सगळ्यांत आधी आत्याच्या लक्षात आलं आणि तिनं ते आनंदाची बातमी द्यावी तसं जाहीर केलं. "पोरीचा डोळा भाग्याचा हाय, वहिनी. त्याला कुनी हात लावू नगा," असं म्हणून तिनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तिरळ्या पोरीच्या पायानं घरात लक्ष्मी येते असं तिच्या सासरी मानत. आमच्याकडे लक्ष्मी काही आली नाही. वर्षभरानं शाळेत माझं नाव घातलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात पोरांनी मला "चकणी" करून टाकलं, आणि मी पाटी फेकून घरी आले. आईनं मला जवळ ओढलं, हनुवटी धरून तोंड वर केलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "भाग्य राहू दे बाजूला. मी हिला दाखवून आणते."

आम्ही तेव्हा भोसरीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मागच्या भिंतीला लागून पत्र्याची एक शेड होती आणि तिच्यात प्रेस मशीन चालायचं. सकाळी आठपासून धप्, धप्, धप्. त्या दणक्यानं मांडणीतली भांडी हळूहळू पुढे सरकायची आणि संध्याकाळी आई ती पुन्हा मागे ढकलायची. इतक्या वर्षांत तिनं त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही, फक्त पितळेचा तांब्या तेवढा खाली ठेवायची. गुरुवारी सगळ्या कारखान्यांची सुट्टी असायची. त्या दिवशी सगळं इतकं शांत व्हायचं की मला लवकर जाग यायची. गुरुवारी अण्णा, म्हणजे माझे वडील, घरी असत. आई हुलग्याच्या शेंगोळ्या करायची, लसणाची फोडणी घरभर दरवळायची, आणि अण्णांच्या अंगाला एरवी येणारा मशीनच्या तेलाचा वास त्या दिवशी साबणानं जरा कमी झालेला असायचा.

अण्णा एका वर्कशॉपच्या टूलरूममध्ये होते. पत्रा कापायचे आणि वाकवायचे साचे, म्हणजे डाय, ते बनवत. त्यांच्या हाताचं काम चांगलं होतंच, पण नाव होतं ते त्यांच्या नजरेचं. शेजारच्या शेडमधले लोकसुद्धा संध्याकाळी काही ना काही घेऊन यायचे. "अण्णा, जरा नजर टाका, राव." अण्णा तो तुकडा उजेडाकडे धरत, एक डोळा मिटत, आणि म्हणत, "डावीकडं केसभर चढलंय." मग माप लावलं की डावीकडं केसभर चढलेलंच असायचं. ते लोक हसत मान हलवत निघून जायचे आणि अण्णा जेवायला बसायचे. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते मला पगाराच्या दिवशीही दिसल्याचं आठवत नाही. मला त्यांचा फार अभिमान होता. आजही आहे, आणि म्हणूनच पुढचं लिहायला इतकी वर्षं गेली.

पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात मला आईच घेऊन गेली, कारण अण्णांची पहिली शिफ्ट होती. डॉक्टरबाईंनी डोळ्यांत थेंब घातले, दोन तास बसवून ठेवलं आणि मग आईला शांतपणे समजावलं. पोरीला जवळचं बघताना डोळ्यांवर फार ताण घ्यावा लागतो, त्या ताणात एक डोळा आत वळतो. त्यावर उपाय आहेत. आधी चष्मा, त्यात वर लांबचा नंबर आणि खाली जवळचा. मग गरज पडली तर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून अशक्त डोळ्याला कामाला लावायचं. आणि तरीही डोळा वळलेला राहिला तर शेवटी ऑपरेशन. "पण एक लक्षात ठेवा," बाई म्हणाल्या, "दोन काचांमधली रेघ बरोबर बुबुळाच्या मधोमध आली पाहिजे. मोठी माणसं वाचताना नजर खाली घालतात, मुलं घालत नाहीत. रेघ खाली गेली तर मूल वरूनच बघतं आणि चष्म्याचा उपयोग होत नाही. तीन महिन्यांनी परत आणा." आईला लिहितावाचता येत नव्हतं. परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून पुटपुटत होती, "मधोमध. बुबुळाच्या मधोमध. तीन महिन्यांनी."

चष्मा पिंपरीच्या रफिकचाचांनी केला. त्यांचं दुकान एवढंसं होतं, पण माणूस फार काटेकोर. त्यांनी मला उंच स्टुलावर बसवलं, माझ्या डोळ्यांसमोर डोळे आणून काचेवर शाईनं ठिपके मारले, पुसले, परत मारले. आठवड्यानं चष्मा नाकावर आला आणि दुकानाच्या दारावरच्या पाटीचं अक्षर न् अक्षर मला दिसलं. त्या आनंदात मी घरापर्यंत नाचत आले. शाळेत मात्र नवीन नाव पडलं. असा दोन काचांचा चष्मा पोरांनी फक्त म्हाताऱ्यांच्या नाकावर पाहिला होता, त्यामुळे मी "चकणी"ची "आजीबाई" झाले. वर्गात शिरले की कुणीतरी उठून मला बसायला जागा द्यायचं आणि सगळे हसायचे.

त्यापेक्षा जास्त त्रास त्या रेघेचा होता. फळा बघावा तर आडवी, वही बघावी तर आडवी. पायरी उतरताना पायरी दोन जागी दिसायची. मी दोनदा पडले, एकदा गुडघा चांगलाच फुटला. एका गुरुवारी मी अण्णांच्या मांडीवर चढून रडायला लागले, "अण्णा, ती मधली रेघ काढा ना. मला काहीच नीट दिसत नाही."

अण्णांनी मला दारात उजेडात उभं केलं. एक डोळा मिटला. नेहमी तुकडा बघत तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आगं, हे काम चुकलंय की," ते आईला म्हणाले. "रेघ पार बुबुळावर आलीय."

"तितंच पायजे," आई चुलीपुढून म्हणाली. "डॉक्टरबाईनं सांगितलंय. मधोमध."

"तुझ्या ऐकन्यात चूक झाली असंल. आमच्या साहेबाचा आसाच चष्मा हाय, मी रोज बघतोय. रेघ खाली असती, गालाच्या अंगाला. वरून लांबचं बघायचं, खालून वाचायचं. एवढी साधी गोष्ट हाय."

"म्या नीट ऐकलंय. बसमधी घोकत आले."

"बरं बरं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी शर्ट चढवला.

मला घेऊन ते पिंपरीला रफिकचाचांकडे गेले. रफिकचाचांनी डॉक्टरबाईंची चिठ्ठी काढून काउंटरवर ठेवली. "भाऊ, जैसा लिखा है वैसाच बनवला. मुलांचा असाच असतो." अण्णा म्हणाले, "मी पंचवीस वर्षं माप बघतोय, चाचा. हे चार मिलीमीटर वर गेलंय." रफिकचाचांनी डोळ्यांवरचा स्वतःचा चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "मग मी काय पंचवीस वर्षं भजी तळतोय?" एरवी अण्णा हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत. मला हाताला धरून घरी आणलं, पेटीतून बारीक चोचीची पक्कड काढली आणि चष्म्याच्या नाकावर टेकणाऱ्या दोन पाकळ्या हलक्या हातानं बाहेर फाकवल्या. काचेला ओरखडाही येऊ दिला नाही. चष्मा खाली बसला. रेघ गालाच्या अंगाला गेली.

"आता?"

"आता छान दिसतंय!" मी म्हणाले. खरंच छान दिसत होतं, समोर काही आडवं नव्हतं. मी त्यांच्या गळ्यात पडले. त्या क्षणी जगात अण्णांइतकं प्रेमाचं दुसरं कुणी नाही असं मला वाटलं, आणि तेही खोटं नव्हतं. मग दर गुरुवारी आंघोळीनंतर ते चष्मा तपासायचे. पाकळ्या जरा आत आलेल्या असल्या की पक्कड काढायचे आणि परत फाकवून द्यायचे.

तीन महिन्यांनी आम्ही गेलो नाही. जायचं कशाला, असंच सगळ्यांना वाटलं. चार हातांवरून बघितलं तर माझे डोळे सरळ दिसत. आत्याला तर वाईटच वाटलं, भाग्य गेलं म्हणून. फक्त आई अधूनमधून म्हणायची की काहीतरी बिनसलंय. शेंगोळ्या वळायला ती मला समोर बसवायची. परातीत दोघींची डोकी जवळ येत, मी पिठाची वळी करण्यात गुंगायचे, आणि तिचे हात थांबायचे. "ऐकलं का, जवळचं बघताना हिचा डोळा आजून आत जातोय." अण्णा लांबून बघायचे. मी तिचं बोलणं ऐकून मान वर करायचे, आणि मान वर केली की डोळा सरळ. "कुटं जातोय? उगं भ्या घालू नको पोरीला." आई पुन्हा शेंगोळ्या वळायला लागायची. असं दोन वर्षं चाललं.

मग माझ्या उजव्या डोळ्याला रांजणवाडी झाली. साधी रांजणवाडी, सगळ्या पोरांना होते तशी. पापणी सुजून डोळा मिटला. सकाळी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "सुमे, बघ गं, आज एकादशी हाय का?" मी कॅलेंडरपुढे उभी राहिले. तांबडे आणि काळे डाग होते. मी आणखी पुढे गेले, नाक टेकेपर्यंत. "आई, आकडे पुसलेत," मी म्हणाले. भाकरी तव्यावर करपली तरी आई उठून माझ्याजवळच उभी होती. तिनं माझ्यासमोर बोटं धरली. मी चुकीची मोजली. तोपर्यंत डाव्या डोळ्यानं आपल्याला दिसत नाही हे मलाच माहीत नव्हतं. उजवा होता ना सगळं बघायला.

त्या दिवशी अण्णांनी पहिल्यांदा न सांगता कामावर दांडी मारली. आम्ही दोघंच गेलो, बसमध्ये ते माझा हात सोडतच नव्हते. त्याच डॉक्टरबाई होत्या. त्यांनी तपासलं, पुन्हा तपासलं, मग माझा चष्मा हातात घेऊन माझ्या नाकावर ठेवला आणि जरा मागे होऊन बघितला.

"हा इतका खाली कसा आला? कोणी वाकवला?"

अण्णा माझ्या मागे उभे होते. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात एकदम जड झाला. नऊ वर्षांची होते मी. चष्म्याचं गणित मला कळत नव्हतं, पण आता अण्णांना कुणीतरी रागावणार एवढं कळलं, आणि ते मला सहन होण्यासारखं नव्हतं.

"मी पडले होते," मी म्हणाले. "तेव्हा वाकला."

बाई अण्णांकडे बघत राहिल्या. मी वाट बघितली. मला वाटलं, आता अण्णा म्हणतील. हात खांद्यावर तसाच राहिला आणि ते बोलले नाहीत.

मग बाई हळू आवाजात सांगू लागल्या. जवळचं बघताना डोळा आत वळतच राहिला, म्हणून मेंदूनं त्या डोळ्याचं ऐकणं सोडून दिलंय. रोज सहा तास उजव्या डोळ्यावर पट्टी बांधू, चष्मा नीट करू. थोडं परत येईल, किती ते सांगता येत नाही. पुढे ऑपरेशननं डोळा सरळ दिसेल, पण सरळ दिसणं वेगळं आणि त्या डोळ्यानं दिसणं वेगळं. "आधी आणायला हवं होतं," त्या म्हणाल्या, आणि अण्णांचं तोंड बघून असेल, पुढे म्हणाल्या, "अर्थात काही मुलांत सगळं नीट करूनही असं होतं." हे वाक्य मी जन्मभर धरून ठेवलं. अण्णांनी ते ऐकलंच नाही असं मला वाटतं.

परतताना आम्ही पिंपरीला उतरलो. रफिकचाचांच्या दुकानासमोर आल्यावर अण्णांनी चष्मा माझ्या हातात दिला. "जा, नीट करून आन." ते स्वतः रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. रफिकचाचांनी चष्म्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग काचेतून पलीकडे उभ्या असलेल्या अण्णांकडे. पाकळ्या आत घेतल्या, शाईचे ठिपके मारले, पुसले. मग म्हणाले, "बेटा, अब्बांना सांग, चहा घ्यायला या म्हणावं." मी जाऊन सांगितलं. अण्णांनी नाही म्हणून मान हलवली आणि आम्ही बसथांब्याकडे चालू लागलो.

घरी आईनं विचारलं, "काय म्हनली बाई?" अण्णांनी जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं. आईला पाकळ्या नव्या जागी बसलेल्या दिसल्या, म्हणजे जुन्याच जागी. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. 'मी सांगत होते' हे शब्द तिनं मरेपर्यंत उच्चारले नाहीत. मला कधीकधी वाटतं, तिनं एकदा तरी कडाकडा भांडायला हवं होतं. अण्णांना तेच सोपं गेलं असतं.

पट्टीचे दिवस वाईट होते. चांगला डोळा बंद करून मला धुक्यात सोडल्यासारखं व्हायचं. मी रडायचे, पट्टी ओरबाडून काढायचे. अण्णांनी दुसरी शिफ्ट आणि ओव्हरटाइम सोडला. ते रोज साडेचारला घरी यायचे आणि ताटलीत वॉशर ओतायचे, लहानमोठे, चकचकीत. ते मी डाव्या डोळ्यानं बघून तारेत ओवायचे. पडला की ते उचलून द्यायचे. "घाई न्हाई. परत घे." मागे प्रेस दणकत असायचं आणि ताटलीतले वॉशर प्रत्येक दणक्याला थरथरायचे. लोक तुकडे घेऊन दाराशी आले तर अण्णा म्हणायचे, "दुसऱ्या कुनाला तरी दाखवा." हळूहळू लोक यायचे थांबले. वर्षभरात मी दवाखान्यातल्या तक्त्यावरची वरची तीन अक्षरं वाचू लागले आणि तिथेच गाडी अडली ती कायमची. बाराव्या वर्षी ऑपरेशन झालं, डोळा सरळ झाला. लग्नाच्या वेळी कुणाला सांगावंही लागलं नाही.

परवा आमच्या तळेगावच्या सोसायटीत एक चार वर्षांची मुलगी दिसली, तसाच चष्मा घातलेली. आता काचा हलक्या असतात, फ्रेम गुलाबी. तिची आई मला सांगत होती, "दुकानवाल्यानं रेघ बघा ना काकू, किती वर घेतलीय, बदलून आणणार आहे." मी तिच्यावर जवळजवळ ओरडलेच. नंतर माफी मागितली, पण पुढच्या तपासणीची तारीख विचारून घेतली आणि ती माझ्याच कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

अण्णा आता चौऱ्याऐंशीचे आहेत आणि माझ्याकडेच असतात. माझ्याबरोबर रस्त्यानं चालताना ते नेहमी माझ्या डाव्या बाजूला असतात, माझ्या नवव्या वर्षापासून. गाडी येवो, खड्डा येवो, डावी बाजू त्यांची. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. डाव्या डोळ्यानं मला माणसाचा आकार कळतो, चेहरा कळत नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांना दोन काचांचा चष्मा मिळाला. आठवड्यात तो त्यांच्या कुशीखाली सापडून वाकला. पक्कड अजून पेटीत आहे, हातही फारसा थरथरत नाही. मी म्हणाले, "अण्णा, तुम्हीच करा की सरळ." त्यांनी चष्मा रुमालात गुंडाळला. "घरी हात लावायचा न्हाई. दुकानात चल."

दुकानातला माणूस तरुण होता, हसतमुख. त्यानं चष्मा उलटसुलट करून बघितला आणि सहज विचारलं, "काय काका, कोणी वाकवला हा?"

अण्णा काउंटरला दोन्ही हात टेकून उभे होते. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात ते म्हणाले,

"मी. मीच वाकवला व्हता. ती पडली न्हवती."

दुकानदार गोंधळून माझ्याकडे बघू लागला. "कोण पडली?"

अण्णा त्याच्या हातातल्या चष्म्याकडेच बघत होते. त्यानं खांदे उडवले, चष्मा सरळ करून अण्णांच्या नाकावर बसवला, आणि आम्ही बाहेर आलो. अण्णा सवयीनं माझ्या डाव्या हाताला आले. दहा पावलं आम्ही तशीच चाललो. मग मी थांबले आणि मान पूर्ण वळवून, उजव्या डोळ्यानं, त्यांचा चेहरा बघितला. ते रडत होते, आणि नव्या चष्म्यामागून माझ्या दोन्ही डोळ्यांकडे आळीपाळीनं बघत होते.